बॅटरीची झीज, सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण आणि स्मार्टफोनचे आयुर्मान : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. २००३ ते २०२५)

प्रस्तावना :

विकत घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते आणि विकणाऱ्याचा तिच्याशी संबंध संपतो, हा व्यवहारातील फार जुना समज आहे. शिवणयंत्र, सायकल, भिंतीवरचे घड्याळ या वस्तू एकदा घरात आल्या की त्यांचे बरेवाईट मालकाच्या किंवा फार तर गावातल्या कारागिराच्या हाती असे. स्मार्टफोनच्या बाबतीत मात्र तसे राहिले नाही. फोन घरी आल्यानंतरही त्याचा निर्माता दूर अंतरावरून त्याच्या अंतरंगात फेरफार करू शकतो आणि करतो. या फेरफाराला ग्रांथिक मराठीत अद्ययावतीकरण आणि रोजच्या बोलण्यात अपडेट असे म्हणतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते आवश्यक असते, याबद्दल दुमत नाही. परंतु ‘अपडेट केल्यापासून बॅटरी टिकत नाही’ ही तक्रारही तितकीच सर्वपरिचित आहे. ग्राहकाने नवा फोन घ्यावा म्हणून जुना मुद्दाम निकामी केला जातो, असा संशयही तिच्या पाठोपाठ येतो.

प्रस्तुत निबंधात या तक्रारीचा व संशयाचा इतिहास तपासला आहे. अभ्यासासाठी मुख्यतः ॲपल कंपनीच्या आयफोनचे २०१६ ते २०२० या काळातील प्रकरण निवडले आहे. या विषयावर बोलले पुष्कळ जाते. पण कंपनीची स्वतःची निवेदने, मोजमापांची आकडेवारी आणि तीन देशांतील न्यायिक वा प्रशासकीय निर्णय अशी तिन्ही प्रकारची साधने एकत्र मिळावीत, असे प्रकरण दुसरे नाही. या साधनांवरून प्रस्तुत लेखकास असे दिसते की, बॅटरी झिजणे हा वादाचा मूळ विषय नव्हताच. झीज झाकली गेली आणि ती झाकल्याचे मालकास सांगितले गेले नाही, हा वादाचा विषय होता. त्या वादातूनच पुढे ‘हे साधन किती वर्षे सांभाळले जाईल, ते आधी सांगा’ ही मागणी कायद्याच्या भाषेत आली.

झिजेचे स्वरूप :

इतिहासाकडे वळण्यापूर्वी थोडे रसायनशास्त्र आवश्यक आहे. आजच्या फोनमधील लिथियम-आयन बॅटरी बाजारात प्रथम आणली ती सोनी कंपनीने, १९९१ मध्ये. तिच्यामागील संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे आयन एका अग्राकडून दुसऱ्या अग्राकडे ये-जा करतात. ही ये-जा पूर्णतः निर्दोष नसते. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर धरतो, तो कालांतराने जाड होतो आणि थोडेथोडे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते.

याचे परिणाम दोन आहेत आणि त्यांतील भेद ध्यानात घेतल्याखेरीज पुढील वाद समजणार नाही. पहिला परिणाम असा की, बॅटरीत साठणारी वीज कमी होते. दुसरा असा की, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. म्हणजे आत वीज असूनही ती हवी तेव्हा वेगाने बाहेर येत नाही. घराच्या गच्चीवरील टाकी लहान होणे वेगळे आणि टाकी भरलेली असताना नळात क्षार साचून धार बारीक होणे वेगळे. फोनच्या पडद्यावरील टक्केवारी टाकीतील पाण्याचा अंदाज सांगते, नळाची अवस्था सांगत नाही. फोनचा प्रोसेसर एखाद्या क्षणी एकदम अधिक विद्युत्प्रवाह मागतो. जुन्या बॅटरीचा दाब त्या क्षणी खाली घसरतो, आणि तो ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की आतील परिपथाला इजा होऊ नये म्हणून फोन आपोआप बंद होतो. पडद्यावर तीस टक्के दिसत असताना फोन मिटतो तो यामुळे. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून थंड प्रदेशांत हा अनुभव अधिक.

आता अपडेटची बाजू. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती बसवल्यानंतर फोन पहिले एकदोन दिवस पडद्याआड बरेच काम करतो. छायाचित्रांची सूची पुन्हा तयार होते, शोधासाठीची अनुक्रमणिका नव्याने बांधली जाते, ॲपच्या संहितेची फेरजुळणी होते. या काळात बॅटरी लवकर उतरते, हे स्वाभाविक होय. ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मदतपत्रात, मोठ्या आवृत्तीनंतर बॅटरीवर काही काळ परिणाम जाणवू शकतो, असे स्पष्टच नमूद केले. परंतु याखेरीज एक कायमचा भारही असतो. नवी आवृत्ती बहुधा नव्या, अधिक शक्तिशाली फोनला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. तीच जुन्या फोनवर उतरवली की त्याला तेच काम करण्यास अधिक ऊर्जा लागते.

येथे संशोधकाची एक अडचण सांगितली पाहिजे. आयफोनची नवी आवृत्ती दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास येते आणि तोवर ग्राहकाचा फोनही एक वर्षाने जुना झालेला असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तशी झीज आणि अपडेट यांची गाठ पडते. हा काकतालीय न्याय आहे की खरोखर कार्यकारणभाव आहे, हे नुसत्या तक्रारींच्या संख्येवरून ठरत नाही.

बंद पेटी :

बॅटरी जर झिजणारच, तर ती बदलता यावी, हा साधा उपाय. पूर्वीच्या मोबाइल फोनचे मागचे झाकण नखाने निघत असे. बॅटरी थोडी फुगली की दुकानातून नवी आणून बसवण्यास दोन मिनिटे लागत. हा उपाय ग्राहकाच्या हातून कसा गेला, याचा आरंभ फोनमध्ये नव्हे, तर आयपॉड या संगीतयंत्रात सापडतो. आयपॉडची बॅटरी आत बंद केलेली होती. २००३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील केसी आणि व्हॅन नायस्टॅट या बंधूंनी एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. आयपॉडची न बदलता येणारी बॅटरी अठरा महिनेच टिकते, असे वाक्य ते शहरभर लागलेल्या त्याच्या जाहिरातींवर साच्याने रंगवत फिरताना त्या चित्रफितीत दिसतात. त्याच सुमारास ॲपलने ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची योजना आणली. पुढे २००५ मध्ये पहिल्या तीन पिढ्यांच्या आयपॉडधारकांसाठी सामूहिक दाव्यात तडजोड झाली व ५० डॉलरच्या खरेदीपत्राची तरतूद करण्यात आली.

म्हणजे २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा बंद पेटीचा वाद जुना झालेला होता. तरीही आयफोनची बॅटरी आतच बंद राहिली आणि हळूहळू इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. सॅमसंगचा २०१४ चा गॅलॅक्सी नोट ४ हा बॅटरी काढता येणारा फोन होता. २०१५ च्या गॅलॅक्सी एस६ मध्ये ती आत गेली. पातळ देह, धूळपाण्यापासून संरक्षण ही कारणे सांगितली गेली आणि ती खोटी नाहीत. पण झीज हा मालकाच्या हातातील प्रश्न होता, तो निर्मात्याच्या हाती गेला, हाही त्याचाच परिणाम.

आयफोन प्रकरण, २०१६–२०१७ :

आयफोन ६एस सप्टेंबर २०१५ मध्ये विक्रीस आला. २०१६ च्या उत्तरार्धात त्याच्या अनेक वापरकर्त्यांना फोन अकस्मात बंद पडण्याचा अनुभव येऊ लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲपलने कबूल केले की, सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५ मध्ये तयार झालेल्या मर्यादित संचात दोष आहे, आणि त्या फोनच्या बॅटऱ्या विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. मात्र या संचाबाहेरील फोनही बंद पडत होते.

२३ जानेवारी २०१७ रोजी आयओएस १०.२.१ ही आवृत्ती प्रसृत झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने सांगितले की, या आवृत्तीमुळे अकस्मात बंद पडण्याचे प्रमाण आयफोन ६एसमध्ये सुमारे ८० टक्क्यांनी आणि आयफोन ६मध्ये ७० टक्क्यांहून अधिक घटले आहे. हे घडले कसे, हे मात्र सांगितले नाही. त्या वेळी ते कोणी फारसे विचारलेही नाही. दुखणे थांबले होते; औषध कोणते, याची चौकशी रोगी सहसा करीत नाही.

औषध कोणते हे दहा महिन्यांनी कळले. डिसेंबर २०१७ मध्ये आयफोन ६एसच्या एका वापरकर्त्याने आपल्या मंदावलेल्या फोनची बॅटरी बदलली. बदलाच्या आधी व नंतर त्याने फोनचा वेग गीकबेंच या चाचणीने मोजला, तेव्हा केवळ बॅटरी बदलल्याने वेग वाढल्याचे त्यास आढळले. हा निष्कर्ष विचित्र होता. जुन्या बॅटरीने फोन कमी वेळ चालावा, हे समजू शकते. तो मंद का चालावा?

याचे उत्तर गीकबेंच तयार करणाऱ्या प्रायमेट लॅब्सचे जॉन पूल यांनी १८ डिसेंबर २०१७ रोजी आकड्यांत मांडले. त्यांच्याकडे वापरकर्त्यांनी केलेल्या चाचण्यांचे निकाल साठलेले होते. आयओएस १०.२ वर चालणाऱ्या आयफोन ६एसचे गुण आलेखावर मांडले असता एकच उंच शिखर दिसत होते. म्हणजे जवळपास सर्व फोन एकाच वेगाने चालत होते. १०.२.१ नंतर आणि पुढे ११.२ नंतर त्याच आलेखात खालच्या गुणांपाशी आणखी शिखरे उमटलेली होती. हा पुरावा निर्णायक का, ते समजून घेण्यासारखे आहे. झिजेमुळे फोन नैसर्गिकपणे मंद होत असते, तर गुण खालच्या बाजूस विखुरले असते. ठरावीक अंकांपाशीच शिखरे उभी राहतात याचा अर्थ वेगाला ठरावीक पायऱ्या पाडलेल्या आहेत आणि त्या सॉफ्टवेअरने पाडलेल्या आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे नाणेशास्त्राची आठवण व्हावी. एखाद्या काळातील नाण्यांची वजने झिजेने घटली की हुकमाने घटवली, हे वजनांच्या विखुरण्यावरूनच ओळखले जाते.

दोनच दिवसांत, २० डिसेंबर रोजी, ॲपलने हे मान्य केले. आयफोन ६, ६एस व एसई या फोनमध्ये बॅटरी जुनी, थंड किंवा उतरलेली असताना प्रोसेसरची क्षणिक मागणी मर्यादित केली जाते, आणि आयओएस ११.२ पासून हीच व्यवस्था आयफोन ७ लाही लागू केली आहे, असा खुलासा आला. २८ डिसेंबर रोजी कंपनीने ग्राहकांची जाहीर क्षमा मागितली. आपण कोणत्याही उत्पादनाचे आयुष्य हेतुपुरस्सर कमी केलेले नाही व करणार नाही, असेही म्हटले. हमीबाहेरील बॅटरी बदलण्याचा दर २०१८ च्या अखेरपर्यंत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. भारतात तो ६,५०० रुपयांवरून करवगळता २,००० रुपये झाला. २९ मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची प्रकृती टक्केवारीत दाखवणारे पान आले आणि वेगावरील मर्यादा स्वतः उठवण्याची मुभाही मिळाली.

या सवलतीचा एक अनपेक्षित परिणाम नोंदवण्याजोगा आहे. २ जानेवारी २०१९ रोजी ॲपलचे मुख्याधिकारी टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज खाली आणला. त्यात चीनमधील मंदी हे मुख्य कारण असले, तरी काही ग्राहकांनी स्वस्त बॅटरीबदलाचा लाभ घेतल्याने आयफोनची नवी खरेदी कमी झाली, हेही एक कारण दिलेले होते. जुना फोन २९ डॉलरच्या बॅटरीने पुन्हा धावू लागतो हे कळल्यावर अनेकांनी नवा घेतला नाही, एवढाच याचा अर्थ. कंपनीचा हेतू काय होता, हा वाद कितीही चालवता येईल. झीज झाकून ठेवण्याचा लाभ कोणाच्या बाजूस जात होता, हे या एका पत्रावरून दिसते.

तथापि कंपनीची तांत्रिक बाजू लंगडी होती, असे म्हणता येणार नाही. अकस्मात बंद पडणाऱ्या फोनपेक्षा थोडा मंद चालणारा फोन बरा, हे कोणीही मान्य करील. या संदर्भात अनेक लेखक फीबस संघाचा दाखला देतात. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे विजेच्या दिव्यांच्या प्रमुख उत्पादकांनी संघ स्थापून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर मर्यादित केले होते. हा दाखला प्रस्तुत लेखकास येथे गैरलागू वाटतो. दिव्याच्या बाबतीत अधिक टिकू शकणारी वस्तू मुद्दाम कमी टिकाऊ करण्यात आली. आयफोनच्या बाबतीत झिजलेली वस्तू चालू ठेवण्यासाठी उपाय करण्यात आला. दोहोंत समान आहे ती गुप्तता, आणि नेमका तोच धागा पुढे कायद्याने पकडला.

एक कृती, तीन निर्णय :

इटलीच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी जाहीर केलेला निर्णय या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणावा लागेल, कारण तो एका कंपनीपुरता नव्हता. ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड झाला. सॅमसंगने नोट ७ साठी तयार झालेली अँड्रॉइडची मार्शमॅलो आवृत्ती मे २०१६ पासून नोट ४ च्या मालकांना बसवण्यास सुचवली. जुन्या यंत्रावर पडणारा भार व त्यातून होणारे बिघाड सांगितले नाहीत. हमीबाहेरील दुरुस्तीसाठी मात्र भारी दर मागितला, असा प्राधिकरणाचा निष्कर्ष होता. नोट ४ ची बॅटरी काढता येत होती, हे वर आलेच आहे. बॅटरी बदलता येण्याने प्रश्नाचा निम्माच भाग सुटतो, हे यावरून दिसते. ॲपलबाबत आक्षेप असा की, सप्टेंबर २०१६ पासून आयफोन ६ च्या मालकांना आयफोन ७ साठी बेतलेली आयओएस १० घेण्याचा आग्रह केला गेला. तिची वाढीव ऊर्जेची गरज सांगितली नाही. आणि नंतरच्या १०.२.१ ने वेग घटू शकतो, हेही सांगितले नाही. ॲपलच्या दंडातील निम्मी रक्कम, ५० लाख युरो, एका वेगळ्याच कारणासाठी होती. बॅटरीचे सरासरी आयुष्य किती, ती का झिजते, कशी राखावी व केव्हा बदलावी, ही मूलभूत माहिती ग्राहकास न देणे हाच स्वतंत्र दोष मानला गेला.

फ्रान्समध्ये परिस्थिती वेगळी होती. तेथे ऑगस्ट २०१५ च्या ऊर्जा-संक्रमण कायद्याने वस्तूचे आयुष्य हेतुतः कमी करणे हाच गुन्हा ठरवला होता. दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ३ लाख युरोंपर्यंत दंड अशी शिक्षा होती. नियोजित कालबाह्यतेविरुद्ध काम करणाऱ्या ‘हॉप’ या संघटनेने डिसेंबर २०१७ मध्ये याच कायद्याचा आधार घेऊन तक्रार दाखल केली आणि जानेवारी २०१८ मध्ये पॅरिसच्या सरकारी अभियोक्त्यांनी चौकशी सुरू केली. जगात प्रथमच अशा गुन्ह्याची शाबिती होणार काय, याकडे अभ्यासकांचे लक्ष लागले होते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी २ कोटी ५० लाख युरोंच्या दंडाची तडजोड जाहीर झाली. पण ती नियोजित कालबाह्यतेसाठी नव्हे, तर माहिती न देऊन ग्राहकाची दिशाभूल केल्याबद्दल. हेतू सिद्ध करणे कठीण, मौन सिद्ध करणे सोपे. फ्रेंच प्रशासनाने आपल्या निवेदनात आणखी एक मुद्दा नोंदवला, त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही : अपडेट घेतल्यावर ग्राहकाला पूर्वीच्या आवृत्तीकडे परत जाता येत नव्हते.

अमेरिकेत प्रकरण पैशांवर मिटले. मार्च २०२० मध्ये सामूहिक दाव्यात किमान ३१ कोटी व कमाल ५० कोटी डॉलरची तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही. प्रत्येक फोनमागे सुमारे २५ डॉलर धरलेले होते. प्रत्यक्ष वाटप सुरू झाले ते जानेवारी २०२४ मध्ये आणि दावेदारांना सुमारे ९२ डॉलर मिळाले. तोवर त्यातील बहुतेक फोन वापरातून गेलेले असणार. नोव्हेंबर २०२० मध्ये ३३ राज्ये व डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया यांच्याशी ११ कोटी ३० लाख डॉलरची वेगळी तडजोड झाली.

मुदतीचा प्रश्न :

अपडेटमुळे होणाऱ्या त्रासाचा हा एक इतिहास झाला. अपडेट मिळतच नाही, हा दुसरा. आणि अँड्रॉइडच्या जगात हाच प्रमुख होता. मे २०११ मध्ये गूगलने आपल्या परिषदेत घोषणा केली की, सहभागी कंपन्या नव्या फोनला बाजारात आल्यापासून १८ महिने नव्या आवृत्त्या देतील, मात्र यंत्राची क्षमता असेल तर. ही आघाडी लवकरच विस्मरणात गेली. खुद्द गूगलच्या नावाने २०११ च्या अखेरीस आलेल्या गॅलॅक्सी नेक्ससला २०१३ ची अँड्रॉइड ४.४ मिळाली नाही, आणि त्यासाठी १८ महिन्यांची मर्यादा उलटल्याचेच कारण देण्यात आले. किमान म्हणून दिलेले वचन दोन वर्षांत कमाल मर्यादा होऊन बसले.

भारताचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो येथे. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने अँड्रॉइड वन ही योजना जगात प्रथम भारतात आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस या भारतीय कंपन्यांचे ६,३९९ रुपयांपासूनचे फोन आणि त्यांना गूगलकडून दोन वर्षांपर्यंत अपडेट, असे तिचे स्वरूप होते. अल्प किमतीच्या फोनलाही अपडेटची मुदत असावी, ही कल्पना आपल्याकडे प्रथम आली. ती बाजाराची रीत बनली नाही. आपल्या घरांत फोन थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. दोन वर्षांची मुदत बहुधा पहिल्याच मालकाकडे सरते आणि धाकट्याच्या हाती येतो तो बिनमुदतीचा फोन, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

२०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधील स्टेजफ्राइट नावाचा गंभीर सुरक्षादोष उघड झाला आणि मासिक सुरक्षा-अपडेटची पद्धत सुरू झाली. नेदरलँड्समधील ग्राहकसंघाने जानेवारी २०१६ मध्ये सॅमसंगविरुद्ध दावा लावून फोन विकल्यापासून दोन वर्षे, किंवा बाजारात आल्यापासून चार वर्षे, अपडेट द्यावेत अशी मागणी केली. मे २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने हा दावा फेटाळला. भविष्यात उद्भवणाऱ्या अज्ञात दोषांबाबत आज आदेश देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. न्यायालयात हरलेली मागणी बाजारात मात्र पुढे सरकत गेली. सॅमसंगने २०२१ मध्ये चार वर्षांच्या सुरक्षा-अपडेटचे आश्वासन दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ साठी सात वर्षांची मुदत जाहीर केली. नेदरलँड्समधीलच फेअरफोन या छोट्या कंपनीने बॅटरी काढता येणारा आपला २०१५ चा फेअरफोन २ मार्च २०२३ पर्यंत सांभाळून ही गोष्ट अशक्य नाही, हे आधीच दाखवले होते.

यानंतर कायदा आला. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा-अपडेटची किमान मुदत जाहीर करणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा स्मार्टफोनविषयक नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार फोनची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग उपलब्ध असले पाहिजेत. तसेच बॅटरीने ८०० चार्जिंग-आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. मुदत विक्री सुरू झाल्यापासून नव्हे, तर संपल्यापासून मोजणे, हा यातील खरा बदल होय. शेवटी शेवटी सवलतीत फोन घेणाऱ्यालाही त्यामुळे पूर्ण पाच वर्षे मिळतात. २०२४ च्या आणखी एका युरोपीय निर्देशाने, अपडेटमुळे साधनावर होणारा विपरीत परिणाम ग्राहकापासून लपवणे ही अनुचित प्रथा ठरवली आणि त्याच्या अंमलासाठी २७ सप्टेंबर २०२६ ही तारीख नेमली. इटलीने २०१८ मध्ये दिलेल्या निर्णयाचेच हे सर्वसाधारण नियमात झालेले रूपांतर म्हणता येईल.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-निर्देशांक असावा, असा अहवाल दुसऱ्या एका समितीने मे २०२५ मध्ये सादर केला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केले की, आयओएस १८ व त्यापुढील आवृत्त्यांनंतर आयफोनच्या कार्यक्षमतेबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारी आल्या असून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणामार्फत ॲपलला नोटीस देण्यात आली आहे. अपडेटनंतरचा बिघाड हा विषय केंद्रीय पातळीवर ग्राहकहक्काच्या चौकटीत घेतला गेला, या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे.

मुदतीनंतर :

मुदतीची व्यवस्था स्थिरावत असतानाच तिच्या कक्षेत न बसणारी उदाहरणे पुढे आली आहेत. ज्या आयफोन ६एसवरून एवढे रणकंदन झाले, त्याला २०२१ ची आयओएस १५ मिळाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे विक्रीस आल्यानंतर तब्बल दहा वर्षांनी, १५.८.५ ही सुरक्षा-आवृत्तीही मिळाली. निर्मात्याला जुना फोन मारावयाचाच होता, या समजाशी हे जुळत नाही. त्या फोनची बॅटरी दहा वर्षांत एकदा तरी बदललेली असल्याखेरीज त्या अपडेटचा उपयोग नाही, हेही तितकेच खरे.

उलट गूगलच्या पिक्सेल ४एचे पाहावे. या फोनच्या अपडेटची कबूल मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली होती. मुदत संपलेल्या फोनला काही येत नाही, असेच मालक समजून चालले होते. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्यावर एक अपडेट आपोआप उतरले आणि काही फोनमधील बॅटरीची उपलब्ध क्षमता व चार्जिंगचा वेग त्याने कमी केला. ऑस्ट्रेलियातील उत्पादन-परतीच्या सरकारी नोंदीत अतितापाचा व त्यातून आग लागण्याचा धोका हे कारण दिले आहे. बाधित ग्राहकांना विनामूल्य बॅटरीबदल, ५० डॉलर रोख किंवा नव्या पिक्सेलसाठी १०० डॉलरची सूट, असे पर्याय देण्यात आले. २०१७ च्या तुलनेत फरक उघड आहे : या वेळी कंपनीने आधी सांगितले, भरपाईही देऊ केली. पण पूर्वीच्या आवृत्तीकडे परत जाण्याची सोय नव्हती. त्यासाठी लागणाऱ्या जुन्या फाइलीही कंपनीच्या संकेतस्थळावरून काढून घेण्यात आल्या. धोका खरा असेल तर असे करणे समर्थनीय आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु धोका किती खरा हे तपासण्याचे कोणतेही साधन मालकाच्या हाती नव्हते.

जुलै २०२५ मध्ये पिक्सेल ६एबाबत तसेच घडले. ४०० चार्जिंग-आवर्तने पूर्ण झालेल्या बाधित फोनची क्षमता व चार्जिंगची गती सक्तीच्या अपडेटने घटवण्यात आली. या फोनच्या सुरक्षा-अपडेटची कबूल मुदत २०२७ पर्यंतची आहे.